बाळसे आणि यकृत

मराठी घरात मुलाचे अंग हा केवळ आरोग्याचा विषय कधीच नव्हता. तो घराच्या प्रतिष्ठेचाही विषय होता. मुलाने बाळसे धरले म्हणजे घरात दुभत्याची ददात नाही, चूल वेळेवर पेटते आणि वाढणारीचा हात सढळ आहे, याची ती चालतीबोलती साक्ष समजली जाई. ज्या खानदेशाने १८९९-१९०० चा आणि १९७२ चा दुष्काळ अनुभवला, त्याला कृश मुलाची धास्ती आणि गुटगुटीत मुलाचे कौतुक वाटावे, हे स्वाभाविकच होय. तथापि वजनाचा काटा एक गोष्ट सांगतो आणि दुसरी लपवतो. मूल किती किलोचे आहे, हे तो सांगतो; त्या किलोंमध्ये हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी शरीराच्या कोणत्या कोपऱ्यात जाऊन बसली आहे, हे तो सांगत नाही. मुलांच्या आरोग्यासंबंधीचा आजचा एक गंभीर प्रश्न या न सांगितलेल्या भागातच दडलेला आहे. तो म्हणजे मुलांच्या यकृतात साचणारी चरबी.

'फॅटी लिव्हर' हा शब्द आता जळगाव-धुळ्याच्या सोनोग्राफी केंद्रांतून घराघरांत पोहोचला आहे. परंतु तो बहुधा वडिलांच्या किंवा काकांच्या अहवालात वाचला जातो. मुलाच्या अहवालात तो येऊ शकेल, ही कल्पना अजून रुजलेली नाही. याला कारणही तसेच आहे. यकृतात चरबी साचणे आणि त्यातून यकृत सुकत जाणे, हा दारूचा परिणाम, असे वैद्यकही दीर्घकाळ मानीत होते. दारू न पिणाऱ्या माणसांच्या यकृतातही हुबेहूब तसेच बदल आढळतात, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडले आणि त्या विकाराला नाव दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, तीन लठ्ठ मुलांच्या यकृतात हाच विकार आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या बालकांचे यकृत मद्यप्याच्या यकृतासारखे दिसावे, ही घटना त्या वेळी अपवादात्मक वाटली. आज ती तशी राहिलेली नाही. सॅन दिएगो परगण्यात अपघातादी कारणांनी मृत्यू पावलेल्या २ ते १९ वर्षे वयाच्या ७४२ मुलांच्या यकृतांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ दहांपैकी एकाच्या यकृतात हा मेदसंचय असल्याचा अंदाज निघाला.

भारतातील चित्र काय? देशात झालेल्या अनेक पाहण्या एकत्र करून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये जो हिशेब मांडला, त्यात मुलांमधील प्रमाण सुमारे ३५ टक्के आले. या पाहण्यांपैकी कित्येक रुग्णालयांत आलेल्या मुलांच्या होत्या. त्यामुळे प्रत्येक वर्गातील दर तिसरे मूल रोगी, असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे ठरेल. परंतु त्याच हिशेबातील दुसरा आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. लठ्ठ मुलांत हे प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास होते, हे अपेक्षितच. पण जी मुले लठ्ठ नव्हती, त्यांच्यातही ते १२ टक्क्यांवर होते. म्हणजे नुसते डोळ्यांनी पाहून 'हा तर बारीकच आहे' असा निर्वाळा देण्याची सोय राहिलेली नाही.

मालधक्क्याचा दृष्टांत

यकृत हे शरीरातील सर्वांत मोठे अंतर्गत इंद्रिय. जुन्या मराठीत 'काळीज' म्हणजे यकृतच. धैर्य आणि माया यांचे ते स्थान मानले गेले, ते काही उगाच नव्हे. आतड्यांतून शोषलेले अन्न रक्तावाटे प्रथम यकृताकडे येते. तेथे त्याची निवड होते, काही साठवले जाते, काही रूपांतरित होते आणि उरलेले पुढे रवाना होते. खानदेशातील वाचकाला भुसावळचे रेल्वे यार्ड डोळ्यांपुढे आणले की हे काम सहज कळेल. माल येतो, उतरवला जातो, डब्यांत भरला जातो आणि दिशेदिशेला निघतो. मालधक्क्यावर थोडा माल नेहमीच पडलेला असतो. त्यात काही बिघाड नाही. पण तो साचू लागला, तर त्याची कारणे दोन असू शकतात. एक तर आवक बेसुमार वाढली, किंवा माल वाहून नेण्यासाठी डबेच उरले नाहीत.

यकृताच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार घडतात आणि दुर्दैव असे की खानदेशात दोहोंनाही वाव आहे. यकृतातून चरबी बाहेर नेण्यासाठी विशिष्ट प्रथिनांची 'वाहने' लागतात. ज्या मुलाच्या ताटात पिष्ट पदार्थ आहेत पण प्रथिने नाहीत, त्याच्या यकृताला ही वाहने पुरेशी बांधता येत नाहीत आणि चरबी तेथेच तुंबून राहते. पाय सुजलेल्या, केसांचा रंग उडालेल्या कुपोषित बालकांचा जो विकार डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये वर्णिला आणि ज्याला 'क्वाशिओरकोर' हे तेथील नाव मिळाले, त्यात मेदाने भरलेले यकृत हे ठळक लक्षण असते. म्हणजे पोटभर न मिळालेल्या मुलाचे यकृतही चरबीने भरते आणि नको तितके मिळालेल्या मुलाचेही!

सातपुड्याच्या कुशीतील यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांच्या आदिवासी पाड्यांपासून, किंवा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या डोंगराळ भागापासून, जळगावच्या कॉलन्यांतील सदनिकांपर्यंतचे अंतर एसटीने काही तासांचे आहे. या काही तासांच्या अंतरात एकाच इंद्रियाचे दोन परस्परविरोधी रोग नांदू शकतात. कुपोषण हा डोंगरावरचा प्रश्न आणि लठ्ठपणा हा शहरातला, अशी जी सोयीस्कर विभागणी केली जाते, ती यकृताला मान्य नाही.

पुण्याने दाखवलेले कोडे

ही विभागणी किती फसवी आहे, हे महाराष्ट्रातच झालेल्या एका संशोधनाने जगाला दाखवले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या स्त्रियांच्या नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांशी करण्यात आली. पुण्याच्या बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, साउदम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. इथवर काही नवे नव्हते. पण टेप आणि कॅलिपर घेऊन बारकाईने मोजमाप केले, तेव्हा दिसले की आपल्या बाळाचे स्नायू खूपच कमी आहेत, पोटाचा घेर सर्वांत कमी आहे, म्हणजे यकृतादी पोटातील इंद्रिये लहान आहेत; मात्र पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ शाबूत आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे सार थोडक्यात असे की हे बाळ दिसायला कृश, पण घडणीने मेदाळ आहे. गर्भातील टंचाईत शरीराने स्नायू आणि इंद्रिये यांच्या वाट्याला कात्री लावली आणि चरबीची गंगाजळी मात्र राखली.

याज्ञिक यांनी लंडनमधील आपले सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःलाच उदाहरण म्हणून २००४ मध्ये 'लॅन्सेट'च्या वाचकांपुढे उभे केले. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही नेमके सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजन-उंचीच्या तक्त्यावर जे दोन देह एकाच रकान्यात बसतात, ते आतून किती भिन्न असू शकतात, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

या घडणीच्या मुलाला पुढे अचानक सुबत्ता लाभली, तर काय होते? दिल्लीत जन्मापासून ज्यांची नोंद ठेवली गेली, अशा सुमारे दीड हजार तरुणांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना तिशीच्या आतबाहेर मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था जडली, ते बालपणी लठ्ठ नव्हते. ते दोन वर्षांपर्यंत इतरांहून बारीक होते आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचे वजन इतरांच्या मानाने भराभर चढत गेले होते. चरबी कातडीखाली साठवण्याची जागा अपुरी पडली की ती पोटात आणि यकृतात शिरते. यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होते आणि पुढची साखळी सुरू होते. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि त्याच पाहणीत पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड या चरबीचे प्रमाण वाढलेले निघाले. उणीव आणि अतिरेक एकाच पिढीत, कधी एकाच देहात, हातात हात घालून चालले आहेत.

साखरेची वाट

यकृतातील या चरबीचा मोठा पुरवठादार तूप किंवा तेलच असेल, असे सामान्यतः वाटते. प्रत्यक्षात साखरेचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोजचा, अर्धा फ्रुक्टोजचा. ग्लुकोज सर्व शरीर वापरते; फ्रुक्टोजची विल्हेवाट मुख्यत्वे यकृतालाच लावावी लागते आणि ते अतिरिक्त असेल तर यकृत त्याची चरबी बनवते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारणपणे ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. भुसावळ-जळगावच्या वैशाखात पारा ४५ अंशांना भिडतो, तेव्हा तहानेला ताक, पन्हे आणि माठातले पाणी पुरे पडत असे. आज त्यांची जागा बाटलीने घेतली आणि एकेका दुपारी दोन-दोन बाटल्या रिचवल्या जाऊ लागल्या. २०१५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले, तेव्हा चार ते दहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १३ टक्के असल्याचे नमूद केले होते.

साखर कमी केल्याने खरोखर फरक पडतो काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलांपैकी निम्म्यांच्या घरातून अशी साखर आठ आठवडे जवळजवळ हद्दपार करण्यात आली. त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचे खाणे चालू ठेवलेल्या मुलांत ती २१ वरून केवळ २० वर गेली. आठ आठवड्यांत एवढा पालट होत असेल, तर या रोगाला असाध्य म्हणता येणार नाही.

येथे जळगावकर हटकून विचारील : मग केळीचे काय? ज्या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याच्यावर रावेर-यावलची अर्थव्यवस्था उभी आहे, त्यातही साखर आहेच. उत्तर सरळ आहे. अखंड फळातील साखर तंतुमय पदार्थांबरोबर सावकाश शोषली जाते, एक-दोन केळ्यांत पोट भरते आणि हात थांबतो. दोष फळाचा नसून त्याचे जे रूपांतर होते, त्याचा आहे. केळे आणि तळलेले केळ्याचे वेफर्स ही दोन भिन्न अन्ने आहेत. मोसंबी आणि मोसंबीच्या चवीचे गोड पाणी यांचे नातेही नावापुरतेच असते.

खानदेशच्या स्वयंपाकघराकडे पाहिले तर तेथे मुळात शहाणपणाची उणीव नव्हती. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी म्हणजे धान्य आणि डाळ यांचा उत्तम मेळ. एकातले उणे दुसरे भरून काढते. भरीत, पालेभाज्या, शेंगदाणे, ताक ही त्याची सोबत. शेवभाजी आणि दाल-बट्टी हे पदार्थ पाहुण्यांचे, शेतावरच्या पंगतीचे. तेही दिवसभर कोळपणी करून आलेल्या देहांना पचत. श्रम गेले, पंगतीचे पदार्थ मात्र नित्याचे झाले. याच जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि पुढे त्याचेच रूपांतर देशातील एका अग्रगण्य संगणक कंपनीत झाले, हा इतिहास खानदेशाला अभिमानाचा आहे. त्या काळी वनस्पती तूप स्वस्त ऊर्जा म्हणून गरिबाला उपकारक वाटले. त्यातील ट्रान्स मेदाचे दुष्परिणाम पुढे कळले आणि २०२२ पासून त्याला दोन टक्क्यांची मर्यादा घातली गेली. अन्नाविषयीचे ज्ञान बदलते, तसे ताटही बदलावे लागते. त्यात कोणा गृहिणीचा अपराध शोधण्याचे कारण नाही.

पितळी भांड्याचा धडा

मुलांच्या यकृताचा रोग घराच्या साध्या सवयीने उद्भवतो आणि ती सवय सुटली की मावळतो, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या स्मरणात असायला हवे. काही दशकांपूर्वी 'मुलाला लिव्हर झाले' हे वाक्य ऐकताच घर हादरत असे. वर्ष-दोन वर्षांच्या बालकांचे पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई आणि बहुतेक मुले दगावत. पुण्यातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश तज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत या रोगाचा माग काढला. १९८३ मध्ये त्यांनी मांडले की तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले जनावराचे दूध लहान वयातच पाजल्याने त्यात उतरणारे तांबे बालकाच्या यकृतात साचत असावे. भांडी बदलली, आईच्या दुधाचा आग्रह वाढला आणि नव्वदच्या दशकापर्यंत हा रोग दुर्मीळ झाला. त्यासाठी कोणतेही महागडे औषध शोधावे लागले नाही.

आजच्या यकृतमेदाचे कारण एका भांड्याइतके एकेरी नाही. आनुवंशिकता, गर्भावस्थेतील पोषण, आहार, व्यायामाचा अभाव, अपुरी झोप अशा अनेक धाग्यांचा तो पीळ आहे. पण उपायाचे स्वरूप तेच आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत या विकारावरील पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, ती केवळ प्रौढांसाठी. मुलांसाठी स्वयंपाकघर आणि मैदान हीच दोन औषधालये आहेत.

शिक्षकाच्या हाती काय आहे?

यकृत दुखत नाही. तक्रार करीत नाही. म्हणून चिन्हे ओळखणारा डोळा लागतो आणि तो आईवडिलांच्या खालोखाल शिक्षकाचा असतो. काही मुलांच्या मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी दिसते. 'मान घासून ये' असे म्हणून वर्गात त्याला हसले जाते. वास्तविक तो मळ नव्हे. रक्तात इन्शुलिन वाढल्याची ती खूण असू शकते. घासून ती जात नाही, मूल मात्र मनातून खचते. अशा मुलाला बाजूला घेऊन पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवणे, हे एका धड्याइतकेच मोलाचे अध्यापन होय.

दुसरे साधन शिंप्याची टेप. मुलाच्या कमरेचा घेर त्याच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा ठोकताळा कोणालाही समजण्याजोगा आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात; वजन-उंचीबरोबर कमरेचे हे माप त्यांनी घेतले, तर खर्च शून्य आणि लाभ मोठा. धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. खानदेशातील मुलांचे स्वतःचे आकडे गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. अर्थात माप घेणे म्हणजे मुलाला वर्गासमोर उभे करून त्याचे वजन पुकारणे नव्हे. लाजेने कोणाचेही यकृत सुधारलेले नाही.

तिसरी गोष्ट मैदानाची. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी तासभर घाम येईल असा खेळ हवा, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगत आहे. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास छापलेला असतो. दहावीच्या वर्गात तो गणिताच्या उजळणीला कधी दिला गेला, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी आणि रात्री मोबाइल, या दिनक्रमात स्नायूंनी वाढावे तरी केव्हा? स्नायू हा साखर जाळणारा मोठा कारखाना आहे. जन्मतःच ज्याच्या वाट्याला स्नायू कमी आले, त्या भारतीय मुलाला मैदान इतरांहून अधिक लागते, कमी नव्हे.

शासनाने नियम केले नाहीत असे नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्राने शाळांच्या उपाहारगृहांत मेद, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली; २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत ती वाढवली. २०२१ मध्ये हा यकृतविकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाला. परंतु शाळेच्या फाटकाबाहेरची टपरी नियमाने नव्हे, तर गिऱ्हाइकाने चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. उलट पोषणाच्या बाजूचा हात मात्र आखडता राहतो. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेने गर्भवतींना ताजे जेवण व बालकांना अंडी देण्याचा उपक्रम सुरू केला, तो स्तुत्य होता. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे वा केळे देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि २०२५ च्या जानेवारीत अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबला. पुण्याच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली होती आणि अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली होती. हे जीवनसत्त्व दूध, दही, ताक, अंडी, मांस-मासळी यांतूनच मिळते. मुलीच्या पेल्यातले दूध मुलाच्या पेल्यात ओतणाऱ्या घराला आणि अंड्याच्या पैशात काटकसर करणाऱ्या कोषागाराला हा हिशेब कधीतरी मांडावा लागेल. आजची शाळकरी मुलगी उद्याची माता आहे. तिच्या ताटातील उणीव पुढल्या पिढीच्या यकृतात उमटणार आहे.

बाळशाचे कौतुक सोडून द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र बाळसे या शब्दाचा अर्थ तपासण्याची वेळ आली आहे. झाडावर चढता येणारे हात, पळून न दमणारे पाय, डब्यातली भाकरी चावून खाणारे दात, ही खरी अंगाने भरल्याची लक्षणे होत. पाड्यावरच्या मुलाला डाळ, दूध, अंडे आणि शहरातल्या मुलाला मैदान, ताक, पाणी एवढे मिळाले, तरी दोघांच्याही यकृतावरचा भार हलका होईल. पितळी भांडे ज्या समाजाने बाजूला ठेवले, त्याला गोड पाण्याची बाटली बाजूला ठेवणे अशक्य वाटू नये.